ट्यूक्सबरी: दोन नद्यांमधलं बाजाराचं गाव आणि भंगाराच्या भावात वाचलेली ॲबी

नकाशावर ट्यूक्सबरी स्टेशन शोधत बसू नका. इंग्लंडातल्या या गावात येणारी रेल्वे १९६१ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. आता उतरायचं ते 'ॲशचर्च फॉर ट्यूक्सबरी' या स्टेशनवर, आणि तिथून गाव तीन किलोमीटरवर. पहिल्यांदा जाणाऱ्यांची फजिती बहुतेक इथेच होते. जुनं लाकडी गाव बघायच्या तयारीने उतरावं, तर समोर गोदामं आणि वाहता मोठा रस्ता.

तेव्हा आधी पोचायचं बघू. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून ॲशचर्चला थेट गाड्या आहेत, पाऊण तासाच्या आसपास. मात्र या मार्गावरची प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, म्हणून तिकीट काढताना परतीची गाडीही तेव्हाच बघून ठेवा. स्टेशनवरून गावात बस जाते. चालत गेलात तर चाळीस मिनिटं लागतात आणि मधे मोटरवेचा चौक ओलांडावा लागतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो नाद सोडा. लंडनहून येणाऱ्यांना पॅडिंग्टन ते चेल्टनहॅम स्पा हा मार्ग बरा, साधारण दोन तासांचा. पुढे बस. पण चेल्टनहॅमचं स्टेशन शहराच्या मध्यापासून दीड-दोन किलोमीटर लांब आहे आणि ट्यूक्सबरीची बस शहरातून सुटते. या दोन टप्प्यांमधल्या चालण्याचा वेळ हिशेबात धरला नाही की बस डोळ्यांसमोरून जाते.

गाडीने आलात तर एम-५ मोटरवेच्या जंक्शन ९ ला बाहेर पडायचं. ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चच्या, मागे गँडर लेनवर पैसे भरून वापरायचं वाहनतळ आहे. तिथे उभी केलेली गाडी पावसाळी हवेत का सांभाळावी लागते, ते पुढे येईलच.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. साठीच्या पुढच्यांचं सीनियर रेलकार्ड घ्यायला ब्रिटनचं नागरिकत्व लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो आणि भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. दोन-तीन लांबचे प्रवास ठरले असतील तर कार्डाची किंमत सहज वसूल होते. बसचा ज्येष्ठांचा मोफत पास मात्र इथल्या रहिवाशांसाठीच असतो.

कोणता दिवस धरायचा

बाजार बुधवारी आणि शनिवारी. शनिवारी ॲबीत लग्न असण्याची शक्यता असते, मग आतला भाग तासन्‌तास बंद राहतो. रविवारची सकाळ प्रार्थनांची. त्या वेळी प्रार्थनेला बसायचं असेल तर खुशाल या, फिरून बघायचं असेल तर येऊ नका. सगळा विचार करता बुधवार सरस. शाळा चालू असण्याच्या काळात आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी गायकवृंद प्रार्थना गातो, तीही पदरात पडते. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत तो वृंद नसतो.

जुलैच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मध्ययुगीन जत्रा भरते. चिलखतं घातलेले हौशी लोक यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांमधली १४७१ ची लढाई पुन्हा लढून दाखवतात. हा प्रकार बघण्यासारखा आहे, पण त्या दोन दिवसांत गाव बघून होत नाही: राहायची जागा महिनोन्‌महिने आधी धरावी लागते आणि गल्ल्यांत माणसाला माणूस लागलेला असतो. लढाईची खरी मजा रस्त्यांवर टांगलेल्या रंगीत झेंड्यांत आहे. लढणाऱ्या सरदारांची ती मानचिन्हं, आणि ती उन्हाळाभर दुकानांवर फडकत असतात. म्हणून जूनमध्ये आलात तरी हुकलं काही नाही.

हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार पडतो. ऑक्टोबरनंतर यायचं तर पुढचा सगळा क्रम दीड तास अलीकडे ओढा.

पाणी आधी बघा

ट्यूक्सबरीत सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांचा संगम आहे, आणि स्विलगेट नावाचा ओढा ॲबीच्या मागून वाहतो. गाव म्हणजे पाण्याच्या कड्यातली उंचवट्याची पट्टी. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकीचं गाव आपोआप उलगडतं: घरं इतकी खेटून का आहेत, लढाई इथेच का झाली, ॲबी नेमकी याच जागी का.

प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की नदीची पातळी आजच्या आकाशावरून कळत नाही. सेव्हर्न वेल्सच्या डोंगरात उगम पावते आणि तिकडचा पाऊस इथे पोचायला दोन-तीन दिवस लागतात. कोयनेच्या पाणलोटात धो धो कोसळतं आणि कोरड्या आभाळाखाली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढत जातं, तसंच हे. म्हणून निघण्याआधी हवामान बघाच, पण सरकारी पूरसूचनाही बघा. दूरध्वनीवर फ्लडलाइन आहे, ०३४५ ९८८ ११८८. पूर आला की नदीकाठची कुरणं, पायवाटा आणि खालच्या बाजूची वाहनतळं पहिल्यांदा जातात. गावाचा मुख्य रस्ता आणि ॲबी सहसा कोरडी राहते.

'सहसा' म्हणायचं कारण जुलै २००७. तेव्हा ॲबी चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली दाखवणारं हवाई छायाचित्र जगभर गेलं, आणि थोडं पाणी आतही शिरलं. गावाजवळचं माइथ जलशुद्धीकरण केंद्र बुडाल्याने साडेतीन लाख लोकांच्या नळांना पाणी नव्हतं, काही ठिकाणी दोन आठवड्यांहून अधिक. चहूकडे पाणी आणि प्यायला टँकर ही अवस्था कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला समजावून सांगायला नको.

ॲबी: सकाळीच, आणि आतूनच सुरुवात

दहाच्या सुमारास ॲबीत शिरा. चर्च पूर्वाभिमुख असल्याने पूर्वेच्या रंगीत काचा सकाळच्या उजेडात पेटतात. पश्चिमेचा दर्शनी भाग तेव्हा सावलीत असतो, त्याचे फोटो परतताना काढायचे.

प्रवेशाला तिकीट नाही. दाराजवळ देणगीची पेटी असते, कार्डही चालतं. ही इमारत गावातल्या लोकांच्या वर्गणीवर उभी आहे, तेव्हा माणशी दोन-चार पौंड टाकायला हात आखडू नका. चपला-बूट काढायचे नसतात. आपला हात सवयीने बुटाच्या नाडीकडे जातो, पण इथे ते विचित्र दिसेल. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. आत भर मे महिन्यातही गारवा असतो, जाकीट हाताशी ठेवा.

आता इमारत वाचायची कशी? आपल्या देवळाचे शब्द इथे छान लागू पडतात. दारातून शिरलात की लांबच लांब सभामंडप, पुढे मनोऱ्याखाली गायकवृंदाची जागा, त्यापुढे गाभारा म्हणजे मुख्य वेदी, आणि वेदीच्या मागून फिरणारा प्रदक्षिणामार्ग. या मार्गाला लागून लहान लहान उपमंदिरं. फरक इतकाच की गाभाऱ्यामागे कुणी प्रदक्षिणा घालत नाही, थडगी बघत हिंडतात.

सभामंडपाचे चौदा गोल खांब बघा, बाजूला सात-सात. प्रत्येक तीस फूट उंच आणि सहा फुटांहून जाड, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. हे नॉर्मन काम, म्हणजे फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या राजवटीच्या काळातलं. बांधकाम ११०२ च्या सुमारास सुरू झालं आणि ११२१ मध्ये ॲबीचा अभिषेक झाला. दगड फ्रान्समधल्या काँ इथला. तो समुद्रावरून आणि मग सेव्हर्नमधून होडीने वर आणला, आणि मठासाठी हीच जागा का निवडली असेल याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. वरचं दगडी छत मात्र चौदाव्या शतकातलं, लाकडी छत काढून घातलेलं. छताच्या फासळ्या जिथे मिळतात तिथे कोरीव गाठी आहेत. मधल्या ओळीत ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग, कडेला वाद्यं वाजवणारे देवदूत. मान मोडून बघायची गरज नाही. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून तळहातावर आडवा धरा आणि खाली बघत चाला. छोटी दुर्बीण असली तर सोन्याहून पिवळं.

पुढे मनोऱ्याखाली थांबून जमिनीकडे बघा. एक पितळी पट्टी दिसेल. लँकेस्टर घराण्याचा युवराज एडवर्ड इथे पुरला आहे, ४ मे १४७१ च्या लढाईत वयाच्या सतराव्या वर्षी पडलेला. आता वर बघा. छतावर सोनेरी सूर्य रंगवले आहेत, आणि सूर्य हे जिंकलेल्या यॉर्क घराण्याच्या चौथ्या एडवर्डचं चिन्ह. खाली हरलेला मुलगा आणि वर कायमचा उगवलेला विजेता! यॉर्कवाल्यांनी ही जागा सहज निवडली असेल असं वाटत नाही. खालीवर न बघता सरळ पुढे गेलेल्यांचं हे हमखास निसटतं.

विजेत्याच्या घरचाही एक जण जवळच आहे. वेदीमागच्या जमिनीत एक जाळी दिसेल. तिच्याखालच्या तळघरात राजाचाच भाऊ जॉर्ज, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, आणि त्याची बायको इझाबेल. राजद्रोहाच्या आरोपावरून १४७८ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये मारलं. गोड दारूच्या पिंपात बुडवून मारलं अशी वदंता तेव्हापासून चालत आली आहे. तळघर एरवी बंद असतं.

काचांसाठी निदान वीस मिनिटं ठेवा. गायकवृंदाच्या वरच्या सात खिडक्यांत चौदाव्या शतकातली काच टिकून आहे. इंग्लंडात एवढी जुनी काच एका ठिकाणी क्वचितच मिळते. बाजूच्या खिडक्यांत चिलखती सरदार उभे आहेत, द क्लेअर आणि डिस्पेन्सर घराण्यांतले, म्हणजे ॲबीचे आश्रयदाते. पूर्वेच्या खिडकीत अखेरच्या न्यायाचं दृश्य आहे आणि कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेली एक विवस्त्र स्त्री. ती एलिनॉर द क्लेअर असावी असं मानतात. तिच्या नवऱ्याला, धाकट्या ह्यू डिस्पेन्सरला, १३२६ मध्ये हालहाल करून मारलं होतं.

थडग्यांत दोन चुकवू नका. एक, ट्रिनिटी उपमंदिराच्या छपरावरचा एडवर्ड डिस्पेन्सर, मृत्यू १३७५. त्या काळातले सरदार थडग्यावर उताणे झोपलेले असतात. हा मात्र वर छत्रीखाली गुडघे टेकून, हात जोडून, वेदीकडे बघत बसला आहे. प्रदक्षिणामार्गातून तो दिसत नाही. वेदीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन मान वर केली तरच दिसतो. दुसरं, वेकमन स्मारक. यावर माणूस आहे तो सडलेल्या प्रेताच्या रूपात, अंगावर उंदीर आणि जीवजंतू फिरताहेत. मुलं इथून हलत नाहीत. नाव शेवटच्या मठाधिपतीचं आहे, पण तो इथे पुरलेला नाही. मठ सरकारजमा झाल्यावर तो ग्लॉस्टरचा पहिला बिशप झाला आणि त्याचं बरं चाललं.

मठ सरकारजमा कसा झाला हे कळल्याशिवाय ही इमारत अजून उभी का, हे कळणार नाही. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले, त्यात ट्यूक्सबरीची पाळी जानेवारी १५४० मध्ये आली. सभामंडप आधीपासून गावकऱ्यांच्या प्रार्थनेला होता. मनोरा, गाभारा आणि बाकीचं मठाचं, म्हणून ते पाडायचं ठरलं. गावकऱ्यांनी उरलेला भागही विकत मागितला. किंमत लावली ती छपरावरच्या शिशाची आणि घंटांच्या धातूची: ४५३ पौंड. चारशे वर्षांची इमारत गावाला अक्षरशः भंगाराच्या भावात पडली. जे गावाच्या कामाचं नव्हतं ते गेलं. बाहेर पडून पूर्वेच्या टोकाला वळसा घाला, तिथे मेरीच्या उपमंदिराची जागा मोकळी आहे आणि भिंतीवर ते जिथे जोडलेलं होतं त्याच्या खुणा आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर मठाच्या ओवऱ्यांचे अवशेष दिसतात. देशातले कितीतरी मठ एवढ्याच अवस्थेत उरले आहेत, गवतात उभ्या चार भिंती.

फोटो काढता येतात. प्रार्थना चालू असताना मात्र नाही, आणि फ्लॅश कधीच नाही. मनोऱ्यावर जाण्याच्या फेऱ्या ठरावीक दिवशीच असतात. जिना गोल आणि चिंचोळा आहे, गुडघ्याचं दुखणं असणाऱ्यांनी खालीच थांबावं. मनोरा १४८ फूट उंच, आणि नॉर्मन काळातल्या मनोऱ्यांत इंग्लंडातला सर्वांत भव्य मानला जातो. त्यावर एक लाकडी शिखरही होतं, ते १५५९ मध्ये कोसळलं.

बाजार, मोहरी आणि गल्ल्या

बाराच्या सुमारास बाजार गाठा. दुपार कलली की पाल गुंडाळायला लागतात. बाजार लहान आहे, भाजी, पाव, रोपं, किरकोळ सामान. आपल्या आठवडी बाजाराचा गजबजाट मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. गावाला बाजाराचं गाव म्हणतात ते आजच्या पालांवरून नव्हे, शतकानुशतकांच्या व्यापारावरून.

एक वस्तू शोधाच: ट्यूक्सबरी मोहरी. मोहरीचं पीठ आणि किसलेलं हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं एक झणझणीत मूळ) एकत्र करून गोळे वळायचे, वाळवायचे, आणि लागेल तेव्हा फोडून व्हिनेगर किंवा सफरचंदाच्या आंबवलेल्या रसात कालवायचं, ही जुनी रीत. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागात एकाची अक्कल या मोहरीइतकी घट्ट असल्याचा टोमणा आहे. आता ती बाटलीत मिळते. नाकात जाणारा झणका फेसलेल्या मोहरीचाच, त्यावर मुळ्यासारखा आणखी एक. हिंदुस्थानातले इंग्रज हॉर्सरॅडिशऐवजी शेवग्याचं मूळ वापरायचे, त्यावरून चवीचा अंदाज यावा.

जेवण दीडच्या आत उरका. बऱ्याच पबमध्ये स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. शाकाहाऱ्यांना भाजलेला बटाटा, सूप, चीज-कांद्याची पेस्ट्री यांवर भागवता येतं. कटाक्ष पाळणाऱ्यांनी चीज शाकाहारी आहे का, हे विचारून घ्यावं.

मग गाव. चर्च स्ट्रीट, हाय स्ट्रीट आणि बार्टन स्ट्रीट हे तीन रस्ते एका चौकात मिळतात, त्याला 'द क्रॉस' म्हणतात. रस्ता चुकलात तर या चौकात परत यायचं. गाव पाण्याने अडलं होतं, बाहेर पसरायला जागा नव्हती. म्हणून लोकांनी रस्त्यावरच्या घरामागे घर, त्यामागे आणखी घर असं बांधत नेलं, आणि त्यांत शिरायला बोळ ठेवले. असे एकेकाळी नव्वदच्या आसपास बोळ होते, आज तिसाच्या आसपास उरलेत. दोन दुकानांच्या मधे दारासारखी पोकळी दिसली आणि वर पाटी असली की बिनदिक्कत आत शिरा. ती खाजगी वाटते, पण पाटी असलेल्या बहुतेक गल्ल्या सार्वजनिक आहेत. डोक्यावर घराची तुळई असते, उंच माणसांनी वाकून चालावं.

त्यांतल्याच एका गल्लीत जुनं बॅप्टिस्ट चॅपल आहे. बाहेरून ते घरच वाटतं, आणि वाटावं असाच बेत होता. सरकारमान्य पंथाबाहेरच्यांना उघड प्रार्थना करणं सोपं नव्हतं, म्हणून सतराव्या शतकात एका जुन्या घराचं चॅपल केलं. ॲबीसमोरची लाकडी घरांची रांग भिक्षूंनी पंधराव्या शतकात भाड्याने द्यायला बांधलेली. त्यांतलं 'मर्चंट्स हाउस' मूळ रूपात आणलं आहे. दुकानाची फळी खिडकीला कशी लावत, हे तिथे नीट कळतं. हे घर आणि शेजारचं जॉन मूर संग्रहालय यांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आधी बघून या.

लढाईचं मैदान

तीनच्या सुमारास ग्लॉस्टर रोडने दक्षिणेला चालू लागा. दिशादर्शक फलकांची वाट आहे, रमतगमत दीड तास. बूट मळायच्या तयारीने जा. हारलेल्या सैन्याला सेव्हर्न ओलांडून वेल्समध्ये निसटायचं होतं. ग्लॉस्टरने वेशीचे दरवाजे बंद केल्याने ते नदी ओलांडायची पुढची जागा गाठायला इथवर आले आणि इथेच गाठले गेले. नदीकडे उतरणाऱ्या ज्या कुरणात पळणारे कापले गेले, त्याला आजही 'ब्लडी मेडो' म्हणतात. तिथे गवताशिवाय काही नाही. फलक वाचल्याशिवाय गेलात तर उगाच चाललो असं वाटेल. वाचलेले काही सरदार ॲबीत आश्रयाला लपले, त्यांना बाहेर काढून ६ मे रोजी चौकात मुंडकी उडवली. ॲबीतही रक्त सांडल्याने पुन्हा शुद्धी करावी लागली. तिथल्या एका दाराला आतून ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या या लढाईतल्या चिलखतांच्या आहेत, असं सांगतात.

वाटेत गाडीरस्त्याच्या चौकात दोन मोठी ओकची शिल्पं दिसतील, एका घोड्यावर स्वार आहे, दुसरा बिनस्वाराचा मान खाली घालून उभा. लांबूनच बघा, चौकाभोवती वाहनं थांबत नाहीत.

परतताना, आभाळ मोकळं असेल तर, ॲबीचा पश्चिम दर्शनी भाग उन्हात असतो. पासष्ट फूट उंचीची ती कमान आता फोटोसाठी योग्य. तिच्यातली खिडकी वाऱ्याने १६६१ मध्ये आत कोसळली होती, आताची १६८६ ची.

संध्याकाळच्या प्रार्थनेला पाऊण तास लागतो, तिकीट नाही, धर्म कुणी विचारत नाही. वेळेआधी दहा मिनिटं जाऊन बसा. इतर उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गाणं वृंदाचं आहे. मधेच उठून जायचं असेल तर मागच्या रांगेत बसा. रविवारच्या सकाळी पाव आणि द्राक्षारसाचा (वाइनचा) प्रसाद वाटतात, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. बाकीच्यांनी जागेवर बसून राहिलं तर कुणाला खटकत नाही.

बाहेर पडेपर्यंत दुकानं बंद झालेली असतात. ॲशचर्चला कर्मचारी नसतात आणि फलाटावर चहाही मिळत नाही, म्हणून पाण्याची बाटली आणि खाऊ पाचच्या आत गावातूनच घेऊन ठेवा. स्टेशनकडची बस संध्याकाळी विरळ होते. ती हुकली तर टॅक्सी गावातून फोन करूनच बोलवावी लागते, आणि तुमची गाडी गेली तर पुढची बऱ्याच वेळाने असते.